मागून लावलेलं इंजिन

लोणावळ्याच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून एका काकांचं टपरीवजा दुकान आहे. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, वेफर्स आणि पाव किलोची चिक्कीची पाकिटं. दुकानाआधी तीसएक वर्षं त्यांनी ट्रक चालवला. एक्स्प्रेसवे नव्हता तेव्हाचा खंडाळ्याचा घाट, पावसाळी धुक्यात पुढच्या गाडीच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवून. २००५ साली टीबी झाला आणि त्या तपासण्यांत एचआयव्ही निघाला. गोळ्या सुरू झाल्या, त्या आजही चालू आहेत. वय आता एकसष्ट. नाव आणि गाव लिहीत नाही. माणसाची ही माहिती त्याच्या संमतीशिवाय कुणाला सांगायची नाही असं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो, आणि कायदा नसता तरी काकांनी तीच अट घातली असती.

गेल्या पावसाळ्यात चिक्कीचं पाकीट बांधता बांधता ते म्हणाले, "ताई, पन्नासच्या नोटेतून बत्तीस वजा करायला मला हल्ली वेळ लागतो. उत्तर येतं, पण घाट चढून आल्यासारखं येतं. हे वयानं होतंय का त्या दुखण्यानं?"

मी आरोग्यावर लिहिते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. जगभरातल्या मेंदूशास्त्रज्ञांनाही गेली वीसेक वर्षं हाच प्रश्न पडलेला आहे. एचआयव्हीची औषधं चांगली निघाली, माणसं जगली, आणि जगली म्हणून म्हातारी झाली. एकाच डोक्यात आता दोन गोष्टी नांदतात. कुणी काय केलं, हे कसं ओळखायचं?

आधी नुसतं वय घेऊ. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. म्हातारपणी या पेशी झपाट्याने मरत जातात असा एक लाडका समज आहे. तसं होत नाही. निरोगी म्हातारपणात पेशी बऱ्याचशा टिकतात. आखडतात त्या पेशींच्या फांद्या, विरळ होतात त्या फांद्यांच्या एकमेकींशी असलेल्या गाठी. झाड उभं असतं, घेर कमी होतो. एमआरआयवर पाहिलं तर पस्तिशीनंतर मेंदूचं आकारमान वर्षाला साधारण ०.२ टक्के या गतीने घटायला लागतं आणि साठीच्या सुमारास ही गती ०.५ टक्क्यांपर्यंत जाते. घट सगळीकडे सारखी नसते. कपाळामागचा भाग, जिथे बेत आखले जातात आणि मोह आवरले जातात, तो जास्त आकसतो. आठवणी साठवायला मदत करणारा हिप्पोकॅम्पस, तोही. आतल्या पाण्याच्या पोकळ्या त्या मानाने मोठ्या होतात, कारण डोक्यात रिकामी जागा राहत नाही.

मेंदूचा पांढरा भाग म्हणजे तारांचं जाळं. प्रत्येक तारेवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण असतं, त्यामुळे निरोप झपाट्याने जातो. वय वाढलं, त्यात रक्तदाब आणि साखर आली, की या भागाला रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्या कडक होतात आणि एमआरआयवर पांढरे ठिपके उमटतात. साठीपुढच्या कुणाचाही एमआरआय काढा, थोडेफार ठिपके निघतातच. रिपोर्टमध्ये ते वाचून घाबरलेले नातेवाईक मी पाहिलेत. ठिपके थोडे असतील आणि माणूस धड चालत-बोलत असेल, तर पहिलं काम रक्तदाब तपासायचं.

आता विषाणू. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक खास अस्तर असतं, त्यातल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की रक्तातली बहुतेक रसायनं पलीकडे जाऊ शकत नाहीत. हा मेंदूचा चेकनाका. एचआयव्ही सुटा आला तर त्याला इथून जाणं अवघड. पण रोजच्या ओळखीच्या दूधवाल्याचा टेम्पो नाक्यावर कोण उघडून बघतं? मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी गस्तीसाठी मेंदूत ये-जा करत असतात, आणि विषाणू त्यांच्या पोटात बसून आत जातो. तेही किती लवकर! थायलंडमध्ये अगदी ताज्या लागणीच्या रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. लागण झाल्यावर अवघ्या आठव्या दिवशी पाठीच्या कण्यातल्या पाण्यात विषाणू सापडला होता. म्हणजे रोग्याला साधा तापही धड आलेला नसतो, आणि पाहुणा माजघरात पोचलेला असतो.

तिथे गेल्यावर तो चेतापेशींना लागत नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. एचआयव्हीला पेशीत शिरायला सीडी-फोर नावाची कडी लागते, ती चेतापेशीच्या दारावर नसते. त्याची लागण होते ती मेंदूत कायम वस्तीला असलेल्या रखवालदारांना, मायक्रोग्लिया आणि वाहिन्यांच्या कडेला बसलेल्या मॅक्रोफेज पेशींना. हे रखवालदार बिथरतात. दाह पेटवणारी रसायनं सोडतात, विषाणूचे स्वतःचे प्रथिनांचे तुकडे त्यात भर घालतात, ग्लूटामेट हे एरवी कामाचं रसायन नको तेवढं साचतं आणि शेजारच्या निरपराध चेतापेशींच्या फांद्या करपतात. भांडण रखवालदाराचं, मार शेजाऱ्याला.

औषधं नव्हती त्या काळात हे टोकाला जायचं. १९८६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी एड्सच्या रुग्णांतला एक वेगळा स्मृतिभ्रंश वर्णन केला. माणूस विसरभोळा होण्याआधी मंद व्हायचा; बोलणं, चालणं, विचार, सगळंच जड. शवविच्छेदनात जास्त नासधूस सापडायची ती खोलवरच्या गाठींत आणि पांढऱ्या भागात. या गाठींपैकी एक कॉडेट. हालचालीला आणि विचाराला वेग देण्यात तिचा वाटा मोठा. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉल थॉम्प्सन यांच्या गटाने एड्स झालेल्यांच्या मेंदूची साल, म्हणजे कॉर्टेक्स, एमआरआयवरून मोजली. हालचाल आणि स्पर्श सांभाळणाऱ्या पट्ट्यात ती १५ टक्क्यांपर्यंत पातळ झाली होती, आणि सीडी-फोर, म्हणजे ही कडी असलेल्या रक्तातल्या रक्षक पेशींची संख्या, जितकं कमी तितकी साल पातळ. औषधं चालू असलेल्यांतही हा पातळपणा दिसला.

मोजतात कसं, तेही सांगते. एमआरआयच्या चित्रात मेंदू साधारण एकेक मिलिमीटरच्या चौकोनी दाण्यांत विभागलेला असतो. संगणक प्रत्येक दाणा करड्या भागाचा, पांढऱ्या भागाचा की पाण्याचा हे ठरवतो आणि मग हिप्पोकॅम्पसचे दाणे किती, कॉडेटचे किती, हे मोजतो. मोठ्या डोक्याच्या माणसाचा मेंदू मोठाच असणार, म्हणून आकड्याला कवटीच्या आतल्या जागेने भागावं लागतं. यातली गंमत अशी की कवटी म्हातारपणी आकसत नाही. तरुणपणी मेंदू केवढा होता याची नोंद ती तशीच धरून ठेवते, जुन्या वाड्याच्या जोत्यासारखी.

काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या मोजणीत आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ब्यू अँसेस आणि सहकाऱ्यांनी एचआयव्ही असलेली आणि नसलेली, तरुण आणि वयस्क अशी माणसं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. आकारमानाचा त्यांचा अभ्यास २०१२ सालचा. वयाने बरेच भाग लहान झालेले दिसले. एचआयव्हीने कॉडेट आणि दोन अर्धगोलांना जोडणारा पूल असे ठरावीक भाग लहान झालेले दिसले. आणि वय व विषाणू एकत्र आल्यावर नुकसान बेरजेने वाढलं, गुणाकाराने वाढलं नाही. साठीच्या माणसाला विषाणूने तिशीच्या माणसापेक्षा जास्त ओरबाडलं असं निघालं नाही. दोघांनी आपापलं ओझं आणून एकाच गाडीत टाकलं.

गाडीवरून आठवलं. कर्जतला मुंबईकडून आलेली एक्स्प्रेस थांबते, आपण खिडकीतून बटाटेवडा घेतो, आणि तेवढ्यात मागून एक हलका धक्का बसतो. ती बँकर इंजिनं. पुढे बोरघाटाची चढण आहे, दर ३७ मीटरला एक मीटर वर, म्हणून मागून दोन-तीन जास्तीची इंजिनं लावून गाडी ढकलत लोणावळ्यापर्यंत आणतात. फलाटावरच्या माणसाला गाडी वेळेवर आलेली दिसते. तिला वर आणायला किती इंजिनं लागली हे विचारायचं त्याच्या मनात येत नाही.

अँसेस यांच्याच गटाने त्याआधी, २०१० मध्ये, मेंदूतला रक्तप्रवाह पाहिला होता. स्वस्थ बसलेल्या मेंदूत किती रक्त जातं आणि काम दिलं की किती वाढतं, हे एमआरआयच्या एका पद्धतीने कळतं. एचआयव्ही असलेल्यांत स्वस्थ असतानाचा प्रवाह कमी होता, आणि तेच साधं काम करायला त्यांच्या मेंदूला जास्त जोर लावावा लागत होता. हे चित्र एचआयव्ही नसलेल्या पण १५ ते २० वर्षांनी मोठ्या माणसांच्या मेंदूसारखं होतं. काम होत होतं, पण मागे बँकर लावून. काकांचं "घाट चढून आल्यासारखं" हे वाक्य मला त्या शोधनिबंधापेक्षा नेमकं वाटतं.

इथे एक घाई टाळायला हवी. "एचआयव्हीने मेंदू लवकर म्हातारा होतो" असं सरसकट छापलं जातं. लंडन आणि ॲमस्टरडॅमच्या एका संयुक्त अभ्यासात, २०१७ साली, संगणकाला निरोगी माणसांचे ढीगभर एमआरआय दाखवून मेंदूवरून वय ओळखायला शिकवलं. मग त्याला गोळ्या नीट घेणाऱ्या, रक्तात विषाणू दबलेल्या माणसांचे मेंदू दाखवले. त्याने ते त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सरासरी २.१५ वर्षांनी मोठे सांगितले. एचआयव्ही नसलेल्यांचे मात्र ०.८७ वर्षांनी लहान. म्हणजे फरक सुमारे तीन वर्षांचा. पुढच्याच वर्षी त्याच लोकांची दोन वर्षांनंतरची मोजणी प्रसिद्ध झाली. या दोन वर्षांत दोन्ही गटांचे मेंदू सारख्याच गतीने बदलले होते. तीन वर्षांची ती दरी रुंदावली नव्हती.

दोन वर्षं हा काळ थोडा आहे, हे खरं. तरी यातून जी गोष्ट पुढे येते ती मला फार महत्त्वाची वाटते. गोळ्या चालू असलेला मेंदू रोज जास्त वेगाने झिजतोय असं दिसत नाही. गोळ्या सुरू होण्याआधी जे करपलं, त्याची खूण बहुधा तशीच राहते. अमेरिकेतल्या १,५५५ रुग्णांच्या चार्टर अभ्यासात २०१० साली असं आढळलं की खराखुरा स्मृतिभ्रंश आता फक्त २ टक्क्यांत उरलाय, पण बारीकसारीक उणीव मात्र निम्म्याहून अधिक लोकांत आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना रोजच्या जगण्यात तिचा पत्ताही लागत नाही. त्याच अभ्यासातल्या माणसांत उणिवेशी जुळणारी एक गोष्ट दिसली. आजचं सीडी-फोर किती, यापेक्षा आयुष्यात ते सगळ्यात खाली किती गेलं होतं, हा जुना तळ.

काकांचा तळ त्यांच्या उपचारांच्या हिरव्या पुस्तकात लिहिलेला आहे: ८४. सरकारी मोफत औषधं आपल्याकडे १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, देशातल्या मोजक्या केंद्रांवर. तेव्हाचा नियम असा की सीडी-फोर २०० च्या खाली गेल्यावर गोळ्या द्यायच्या. औषध कमी, माणसं फार. हळूहळू ती मर्यादा वर सरकली आणि २०१७ पासून सीडी-फोर कितीही असो, निदान झालं की उपचार असं धोरण आलं. त्या नियमाबद्दल कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण आज जी पिढी साठीत शिरतेय तिच्यातले बरेच जण त्या तळाला शिवून आलेले आहेत, आणि आज ज्या पंचविशीतल्या पोराला निदानाच्या आठवड्यातच गोळ्या मिळतात त्याचा म्हातारपणीचा मेंदू काकांसारखा असेलच असं नाही.

हे बहुतेक मेंदू अमेरिका-युरोपातले, इथलं काय? लोणावळा लोकलने कासारवाडीला उतरलं की भोसरीची एमआयडीसी जवळ. तिथे १९९२ पासून राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे. नाव अलीकडे बदलून लांबलचक झालंय, लोक अजून 'नारी'च म्हणतात. भारतात पसरलेला एचआयव्ही प्रामुख्याने सी उपप्रकाराचा, अमेरिका-युरोपातला बी. बेंगळुरूच्या उदयकुमार रंगा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की सी उपप्रकाराच्या टॅट नावाच्या प्रथिनात ३१ व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन असतं, आणि तेवढ्या एका बदलाने मोनोसाइट पेशींना बोलावून घेण्याची त्याची ताकद घटते. म्हणजे दूधवाल्याचे टेम्पो कमी. त्यावरून एक दिलासा निघाला की आपल्याकडचा विषाणू मेंदूच्या बाबतीत सौम्य आहे. दिलासा पुरता टिकला नाही. नारी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेने पुण्यात मिळून काम केलं, तेव्हा उपचार न घेतलेले इथले रुग्णही चाचण्यांत निरोगी पुणेकरांच्या मागे पडलेले दिसले.

आणि या कामातून एक अनपेक्षित, खास आपली गोष्ट निघाली. रुग्णाला तपासायचं तर आधी निरोगी मराठी माणूस या चाचण्यांत किती गुण घेतो हे माहीत हवं. अमेरिकेतले आकडे इथे लावून चालत नाही. शाळा वेगळी, भाषा वेगळी. त्यात मराठी माणूस एकभाषी क्वचितच. रुजवी कामत, मनीषा घाटे आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली पुण्यातल्या १७४ मराठीभाषकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं हिंदी जितकं चांगलं, तितके काही चाचण्यांत, विशेषतः चुकीच्या उत्तराला आवर घालण्यात, ते सरस निघाले. तेही चाचणी मराठीत घेऊन. तीस वर्षं राजस्थानी, पंजाबी ढाब्यांवर जेवलेल्या ट्रक ड्रायव्हरचं हिंदी कसं असतं ते सांगायला नको. काकांच्या मागे लागलेल्या बँकर इंजिनांपैकी एक बहुतेक तिथून आलंय, असा माझा आपला अंदाज.

काकांना मी तज्ज्ञांकडे घेऊन गेले. एमआरआयची वेळ नंतर आली. आधी टेबलापाशी पाच मिनिटांची एक साधी परीक्षा झाली. २००५ मध्ये ही तयार झाली, अमेरिका आणि युगांडात पडताळली गेली, आणि तिला लिहिता-वाचता यायची गरज नाही. डॉक्टरांनी चार शब्द सांगितले: कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. "लक्षात ठेवा काका, थोड्या वेळाने विचारीन." मग डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, मोठ्ठं उघडायचं आणि टेकवायचं, पाच सेकंदांत होतील तितक्या वेळा. पंधरा झाले तर पूर्ण ४ गुण. ज्या डाव्या हाताने तीस वर्षं गिअर टाकले, तो हात बाराला थांबला. ३ गुण. पुढे टेबलावर मूठ, मग तळवा पालथा, मग हात करंगळीच्या कडेवर उभा; हा क्रम दहा सेकंदांत चार वेळा. मूठ, पालथा, उभा. मूठ, पालथा, उभा. तिसऱ्यानंतर काकांनी पुन्हा मूठ करायच्या जागी तळवा पालथा केला, स्वतःच "च्च" म्हणाले, आणि वेळ संपली. ३. शेवटी शब्द. कुत्रा आला, टोपी आली, घेवडा आला. चौथा येईना. डॉक्टर म्हणाले, "एक रंग होता." "लाल!" काका जवळजवळ ओरडले. आठवण करून दिलेल्या शब्दाला अर्धा गुण. एकूण १२ पैकी साडेनऊ; १० किंवा खाली आलं तर पुढे तपासा, असा संकेत.

या परीक्षेत काय मोजलं जातं पाहा. बारापैकी आठ गुण वेगाचे आहेत. अल्झायमरच्या परीक्षेत आठवणीवर भर असतो, कारण तो आजार हिप्पोकॅम्पसच्या परिसरात सुरू होतो. तिथल्या रुग्णाला "रंग होता" असं सांगूनही बहुधा उपयोग होत नाही, कारण शब्द साठवलाच गेलेला नसतो. काकांचा 'लाल' आत होता, बाहेर काढायला धक्का लागला. खोलवरच्या गाठी आणि तारा थकल्या की असं होतं. पण एवढ्यावरून विषाणूच्या नावाने शिक्का मारता येत नाही. काकांना २००६ पासून काही वर्षं स्टॅव्ह्यूडिन होतं, तेव्हा बऱ्याच जणांना असायचं. त्या औषधाने नसांना इजा होऊन पायांत, कधी हातांतही मुंग्या राहतात. बोटं मंद पडली ती मेंदूमुळे की नसांमुळे, हे तपासावंच लागतं. पुढे एफाविरेन्झ आलं, त्याने चक्कर आणि विचित्र स्वप्नं. आता डोल्युटेग्राव्हिर आहे, ते बहुतेकांना सोसतं, कुणाकुणाची झोप मात्र मोडते. आणि न झोपलेल्या माणसाला पन्नासातून बत्तीस सुधरत नाहीत, एचआयव्ही असो वा नसो.

एमआरआय झाला. कपाळामागे वयाला साजेशी घट, पोकळ्या किंचित मोठ्या, पांढऱ्या भागात वयाच्या मानाने थोडे जास्त ठिपके. शिवाय जुन्या टीबीची एक कॅल्शियम साचलेली खूण. आपल्याकडच्या एमआरआयवर अशा खुणा अधूनमधून दिसतात, आणि परदेशी आकड्यांशी आपली तुलना अवघड होते ती अशाने. एका माणसाच्या एका एमआरआयवरून "हे वयाचं, हे विषाणूचं" अशी वाटणी करता येत नाही. शेकडो माणसांच्या सरासरीत ती दिसते; एकट्याच्या डोक्यात दोन्ही मिसळलेलं असतं, भात आणि वरणासारखं.

म्हणून डॉक्टर उलटीकडून जातात. जे दुरुस्त होऊ शकतं ते आधी शोधतात. थायरॉइड, सिफिलिसची व्हीडीआरएल चाचणी, बी-१२, झोप, मन उदास आहे का, दारू आहे का. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दबलेला आहे ना, हे तर पहिलंच. क्वचित असंही होतं की रक्तात विषाणू दबलेला आणि पाठीच्या पाण्यात मात्र उसळलेला. पुण्याच्या रूबी हॉल क्लिनिकच्या डॉ. अमीत द्रविड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पश्चिम भारतातले असे रुग्ण नोंदवले आहेत. काही औषधं मेंदूत कमी पोचतात, तिथे विषाणूला आडोसा मिळतो. औषधांची जोडी बदलली की रुग्ण सुधारू शकतो. अचानक वागणं बदललं, तोल जायला लागला, फिट आली तर हा विचार करावा लागतो. काकांच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

निघालं ते दुसरंच. एक, रक्तदाब १६०च्या वर, कधीच न तपासलेला. एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रावर, वजन होतं, गोळ्या मोजल्या जातात, सीडी-फोर आणि व्हायरल लोड होतो, आणि आपली सगळी तपासणी झाली अशी काकांची समजूत. ठिपक्यांचा निम्मा दोष मी तरी रक्तदाबाला देईन. २०१० च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात चाचण्यांतल्या कमी गुणांशी एचआयव्हीच्या आकड्यांपेक्षा हृदयविकार, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल जास्त जुळलं होतं. २०२३ मध्ये भारतासह १२ देशांतल्या ७,७६९ एचआयव्हीबाधितांवरच्या चाचणीत पिटाव्हास्टॅटिन या साध्या गोळीने हृदयविकार, पक्षाघात अशा घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. मेंदूची साल त्याने जाड होते असं कुणी दाखवलेलं नाही, पण घाटात डब्यांचं वजन कमी करता येत असेल तर इंजिनाची वाट कशाला बघायची?

दोन, बी-१२ अगदी तळाला. आजारातून उठल्यावर काकांनी माळ घातली. देहूला जातात, मांस-मच्छी-अंडं बंद, आणि दुकानात बसून दिवसभर चहा. बी-१२ कमी पडलं की मायलिन बिघडतं, हातपाय बधिरतात, विचार मंदावतो. म्हणजे विषाणूचा आणि वयाचा जो आरोप आपण इतका वेळ वाटून देत होतो, त्यातला एक हिस्सा इंजेक्शनने भरून निघण्यासारखा होता. मी हसले, काका नाही हसले. "माळ काढावी लागेल का?" एवढंच विचारलं. नाही लागत, गोळ्या-इंजेक्शनं आहेत.

   काका सकाळी तासभर चालतात, ते आता नेमाने.

पाच महिन्यांनी पुन्हा तीच परीक्षा झाली. बोटं चौदा. मूठ-पालथा-उभा चारही वेळा बरोबर. शब्द या खेपेला साडेतीनच. अडला तो 'टोपी'. एकूण साडेदहा. दुसऱ्यांदा परीक्षा दिली की थोडे गुण सरावाचे असतात, त्यामुळे डॉक्टरांनी यावर फार हुरळू दिलं नाही.

मोड द्यायला वेळ अजूनही लागतो. त्यावर काकांनी स्वतःच उपाय काढलाय: गल्ल्यात चिक्कीचे तीन रिकामे डबे, एक रुपया, दोन रुपये, पाच रुपये. दहाच्या नाण्यांना डबा नाही. ती कुणी घेतही नाही आणि देतही नाही, म्हणतात.